नाव एक, धनी अनेक: सारख्या नावाचे चित्रपट, नाटकं, गाणी आणि बँड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मित्राला ‘हेराफेरी’ बघायला सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, “अमिताभ दिसला, विनोद खन्ना दिसला, पण तू म्हणत होतास तो बाबूराव कधी येतो?” बिचाऱ्याने १९७६चा चित्रपट शेवटपर्यंत बघितला होता. मी सांगितलेला होता २०००चा. चूक त्याची नव्हे, माझीच. मी साल सांगितलंच नव्हतं. चित्रपटांच्या आणि गाण्यांच्या याद्या करायचा मला जुना नाद आहे, त्यामुळे असले घोळ निस्तरायला लोक माझ्याकडे येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

एकाच नावाचे दोन चित्रपट निघतातच कसे? पहिल्याने दुसऱ्याला अडवायला नको का?

नावावर कॉपीराइट नसतो. कथेवर असतो, पटकथेवर असतो, संगीतावर आणि चित्रीकरणावर असतो, पण वर लिहिलेल्या दोन-तीन शब्दांवर नसतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या नियमांत तर हे सरळ लिहिलेलं आहे: नावं, शीर्षकं, घोषवाक्यं यांना हे संरक्षण नाही.

भारतात ‘देसी बॉईज’ (२०११) या चित्रपटावरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. याच नावाने आपण आधी कथेचा सारांश लिहिला होता, असं एका लेखकाचं म्हणणं होतं. २०१५ साली न्यायालयाने निकाल दिला की नुसतं शीर्षक म्हणजे ‘कृती’ नव्हे, कारण ते एकटं अपुरं असतं. त्याच्यामागे येणाऱ्या मजकुराकडे ते फक्त बोट दाखवतं. मला हा निकाल पटतो. ‘अंदाज’, ‘दुश्मन’, ‘बाजी’ यांसारखे रोजच्या वापरातले शब्द पहिल्या येणाऱ्याने कुलूप लावून ठेवले असते, तर पुढच्यांनी काय चित्रपटांना नुसते क्रमांक द्यायचे होते?

म्हणजे उद्या मी ‘शोले’ नावाचा चित्रपट काढू शकतो?

त्या वाटेला जाऊ नका. कॉपीराइट नसला तरी ट्रेडमार्क असू शकतो. शिवाय ‘पासिंग ऑफ’ म्हणून एक प्रकार आहे: दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं. तिथे न्यायालय एकच गोष्ट बघतं. ते नाव ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर एकच ठरावीक गोष्ट उभी राहते का?

दोन खटले शेजारी ठेवले की हे लगेच कळतं. २००७ साली रामगोपाल वर्मांचा ‘निःशब्द’ येणार होता, तेव्हा याच नावाच्या आधीच्या एका बंगाली चित्रपटाच्या निर्मात्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांना मनाई हुकूम मिळाला नाही, कारण ते नाव ऐकून लोकांना त्यांचाच चित्रपट आठवतो, असं दाखवता आलं नाही. याउलट ‘शोले’ हे नाव संकेतस्थळासाठी वापरणाऱ्यांना त्याच न्यायालयाने २०२२ साली रोखलं आणि वर २५ लाख रुपये भरायला लावले. दोन्ही नुसते शब्दच, पण एकाला लोकांनी एका चित्रपटाशी कायमचं बांधून टाकलं होतं.

मग निर्माते ‘टायटल रजिस्टर केलं’ म्हणतात ते काय असतं?

ती कायद्याची नोंद नव्हे, निर्मात्यांच्या संघटनांची आपापसातली व्यवस्था आहे. मुंबईत इम्पा ही १९३७पासूनची संघटना अशा नोंदी ठेवते, इतरही संघटना ठेवतात. अमेरिकेत मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेचं शीर्षक-नोंदणीचं काम १९२५पासून चालू आहे. सभासद झालात की तिथले नियम पाळायचे, एवढाच त्याचा आधार.

पण हा आधार लेचापेचा नाही. २०१३ साली ‘द बटलर’ नावाचा चित्रपट प्रदर्शनाच्या तोंडावर अडकला. वॉर्नर ब्रदर्सकडे त्याच नावाचा एक मूक लघुपट होता, १९१६ सालचा! तो कोणाला आठवत होता असं नाही, पण नोंद ती नोंद. शेवटी नव्या चित्रपटाला दिग्दर्शकाचं नाव पुढे जोडावं लागलं आणि तो ‘ली डॅनियल्स द बटलर’ म्हणून आला.

नाव तेच म्हणजे रिमेक, असं धरून चालावं का?

अजिबात नाही. मला येणाऱ्या प्रश्नांतला सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

‘अंदाज’ घ्या. १९४९चा मेहबूब खान यांचा, १९७१चा रमेश सिप्पी यांचा, २००३चा तिसराच. तिन्ही कथा वेगळ्या. ‘आँखें’ही निदान तीन: १९६८चा रामानंद सागर यांचा हेरगिरीचा, १९९३चा डेव्हिड धवन यांचा विनोदी, आणि २००२चा आंधळ्यांकडून बँक लुटवण्याचा. ‘बाजी’ १९५१ साली गुरुदत्तने केला, १९९५ साली आशुतोष गोवारीकरने; दोघांत समान काय, तर दोन अक्षरं. ‘दोस्ताना’ १९८०चा आणि २००८चा, यांतही नातं नाही.

‘डॉन’ (१९७८ आणि २००६) आणि ‘अग्निपथ’ (१९९० आणि २०१२) मात्र खरोखरचे रिमेक. म्हणजे नावावरून काहीच ठरत नाही. आणि गंमत अशी की खरे रिमेक पुष्कळदा नाव बदलून येतात. राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’चा (१९६४) हिंदी अवतार ‘मेरा साया’ (१९६६). आणि सुरुवातीला सांगितलेला २०००चा ‘हेराफेरी’? तो ‘रामजी राव स्पीकिंग’ या १९८९च्या मल्याळम चित्रपटाचा रिमेक आहे. नाव एकाचं, गोष्ट भलत्याचीच.

‘देवदास’ यात कुठे बसतो?

वेगळ्या खणात. १९५५चा बिमल रॉय यांचा आणि २००२चा भन्साळींचा, दोन्ही शरच्चंद्रांच्या कादंबरीवरून आले. ती दोन भावंडं आहेत. एक दुसऱ्याचं पोर नव्हे. आपल्याकडच्या ‘नटसम्राट’चं आणखी वेगळं: शिरवाडकरांचं नाटक १९७०चं, त्यावरून चित्रपट २०१६चा. तिथे नाव मुद्दामच राखलेलं, कारण लोक त्या नावासाठीच येतात. ‘कट्यार काळजात घुसली’चंही (नाटक १९६७, चित्रपट २०१५) तेच.

इतके शब्द पडलेले असताना निर्माते जुनंच नाव का उचलतात?

कधी माहीतच नसतं. कधी शब्द इतका साधा असतो की टाळता येत नाही. आणि कधी अर्धी जाहिरात फुकटात होते म्हणून. जुन्या गाण्याची ओळ उचलून तिचं शीर्षक करणं हा त्यातलाच हुशार प्रकार: ‘मुगल-ए-आझम’मधलं ‘प्यार किया तो डरना क्या’ १९९८ साली चित्रपटाचं नाव झालं, ‘कर्ज’मधलं ‘ओम शांती ओम’ २००७ साली, आणि ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’मधलं ‘एक लडकी को देखा’ २०१९ साली. प्रेक्षक नाव वाचतानाच गुणगुणायला लागतो, आणखी काय हवं?

बँडच्या नावांवरून इतकी भांडणं का होतात? चित्रपटवाले तर निभावून नेतात.

चित्रपट एकदा येतो आणि होऊन जातो. बँड मात्र त्याच नावाने वर्षानुवर्षं कार्यक्रम करतो, तिकिटं विकतो, टी-शर्ट विकतो. त्याचं नाव म्हणजे दुकानावरची पाटीच. म्हणून तिथे ट्रेडमार्कचा कायदा पूर्ण ताकदीने लागू होतो, आणि ‘आधी कोण वापरत होतं’ याला फार किंमत असते.

यातून वाट काढायच्या तऱ्हा मोठ्या मजेशीर आहेत. एक तऱ्हा शेपूट लावायची. अमेरिकेतला ‘ब्लिंक’ बँड, पण आयर्लंडमध्ये आधीच एक ‘ब्लिंक’. म्हणून तो झाला ‘ब्लिंक-१८२’. ‘डायनासोर’ला ‘डायनासोर्स’ नावाच्या बुजुर्गांच्या बँडने हरकत घेतली, म्हणून तो ‘डायनासोर ज्युनियर’. दुसरी तऱ्हा देशापुरतं नाव बदलायची. इंग्लंडचा ‘स्वेड’ अमेरिकेत ‘द लंडन स्वेड’ असतो, आणि ‘बुश’ला कॅनडात काही वर्षं ‘बुश एक्स’ म्हणून वावरावं लागलं, कारण तिथे सत्तरच्या दशकात एक ‘बुश’ होऊन गेला होता. तिसरी तऱ्हा नावच सोडून द्यायची: ‘केमिकल ब्रदर्स’ आधी स्वतःला ‘डस्ट ब्रदर्स’ म्हणवत. हे नाव त्यांनी अमेरिकेतल्या एका जोडीवरून कौतुकाने उचललं होतं. पण हे प्रसिद्ध होऊ लागल्यावर त्या जोडीला ते कौतुक रुचेना, आणि १९९५ साली नाव बदलावं लागलं.

‘निर्वाना’चं अनेकांना ठाऊक नसतं. सिएटलच्या निर्वानाच्या वीसेक वर्षं आधी लंडनमध्ये त्याच नावाचा बँड होता. त्यांनी दावा लावला, न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि दोघांनीही नाव वापरायचं ठरलं. म्हणून जुन्या रेकॉर्डवर ‘निर्वाना’ आणि साल १९६७-६८ दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

सगळ्यात कडवट प्रकरण ‘लेडी ए’चं. ‘लेडी अँटेबेलम’ या कंट्री संगीताच्या तिकडीने २०२० साली आपलं नाव बदललं, कारण जुन्या नावाला गुलामगिरीच्या काळाचा वास होता. नवं नाव घेतलं ‘लेडी ए’. पण त्या नावाने सिएटलमधली एक कृष्णवर्णीय ब्लूज गायिका वीसहून अधिक वर्षं गात होती! हेतू चांगला, पण हात पडला तो नेमका तिच्या नावावर. दोन्हीकडून दावे झाले, २०२२ साली तडजोडीने मिटले. एवढ्या मोठ्या मंडळींच्या हाताशी शोधायला माणसं नव्हती, हे मला आजही पटत नाही.

‘ब्लॅक सॅबथ’ म्हणजे बँड, अल्बम, गाणं की चित्रपट?

चारही. मारिओ बावाचा भयपट १९६३चा. इंग्रजीत तो ‘ब्लॅक सॅबथ’ नावाने लागला. बर्मिंगहॅमच्या बँडने त्यावरून नाव घेतलं. त्यांचा पहिला अल्बम १९७० साली आला, त्याचंही नाव ‘ब्लॅक सॅबथ’, आणि त्यातलं पहिलंच गाणंही ‘ब्लॅक सॅबथ’. यादी करणाऱ्याने डोकं कुठे आपटायचं?

त्यांचं आधीचं नाव होतं ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. ते सोडावं लागलं, कारण त्याच नावाचा आणखी एक बँड फिरत होता. पुढे १९८९ साली अमेरिकेत एक बँड निघाला आणि त्याने मुद्दाम, ब्लॅक सॅबथचं टाकलेलं नाव म्हणून, ‘अर्थ’ हेच घेतलं. हा ‘अर्थ’ खाली पुन्हा भेटेल.

नाट्यसंस्थांमध्येही असं होतं का?

होतं, पण तिथे भांडण क्वचित होतं, कारण प्रत्येकीचं गाव वेगळं, भाषा वेगळी. गोंधळ होतो तो लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा. दोन-तीन नावं जरा जवळून बघण्यासारखी आहेत.

‘रंगायन’ म्हटलं की मराठी माणसाला विजया मेहतांची, तेंडुलकरांची १९६०ची मुंबईतली संस्था आठवते, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तिनेच १९६७ साली रंगभूमीवर आणलं. म्हैसूरला आहे ती ‘रंगायण’, १९८९ साली ब. व. कारंतांच्या हाताखाली उभी राहिलेली कर्नाटक सरकारची नाट्यसंस्था. फरक एका ‘न’-‘ण’चा. इंग्रजी बातमीतून मराठीत भाषांतर करताना हा ‘ण’ हटकून गळतो आणि मुंबईच्या संस्थेच्या खात्यावर म्हैसूरची नाटकं जमा होतात.

या म्हैसूरच्या रंगायणचा नाट्यमहोत्सव आहे ‘बहुरूपी’. आणि ‘बहुरूपी’ ही तर नावांची धर्मशाळाच. कोलकात्याची शंभू मित्रांची संस्था, १९४८पासूनची, हिचं नाव तेच. बंगालीत उच्चार ‘बोहुरूपी’. चिंतामणराव कोल्हटकरांचं आत्मचरित्र ‘बहुरूपी’, ज्याला १९५८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२४ साली याच नावाचा बंगाली चित्रपट आला. यांत कोणी कोणाचं काही चोरलेलं नाही. सोंगं घेणाऱ्या माणसाला आपल्या भाषांत हाच शब्द आहे, आणि नटाला तो आपलासा वाटणारच.

‘नटरंग’ही तसंच: आनंद यादवांची कादंबरी, तिच्यावरचा रवी जाधवांचा चित्रपट (१ जानेवारी २०१०), जम्मूची १९८३पासूनची नाट्यसंस्था, आणि नेमिचंद्र जैन यांनी १९६५ साली सुरू केलेलं हिंदी त्रैमासिक. कोणी नुसतं ‘नटरंगमध्ये लेख आला होता’ म्हणालं, तर चित्रपटावर लेख आला असं समजू नका.

पुस्तक आणि चित्रपट एका नावाचे असले तर पुस्तकावरूनच चित्रपट झाला असणार ना?

‘जगाच्या पाठीवर’ हा राजा परांजप्यांचा चित्रपट १९६०चा, संगीत सुधीर फडक्यांचं. ‘जगाच्या पाठीवर’ हे फडक्यांचं आत्मचरित्रही आहे. चित्रपट त्या पुस्तकावरून झालेला नाही, हे वेगळं सांगायला नको. पण मला हा प्रश्न दोनदा आला आहे.

गाण्यांचं काय? तिथे तर किती नावं सारखी असतील.

पाश्चात्त्य संगीतात असतात, कारण तिथे गाण्याला वेगळं शीर्षक देतात. नमुना म्हणून ‘द पॉवर ऑफ लव्ह’. डिसेंबर १९८४मध्ये फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. ऑगस्ट १९८५मध्ये ह्युई लुईस अँड द न्यूजचं गाणं अमेरिकेत पहिलं. ऑक्टोबर १९८५मध्ये जेनिफर रशचं गाणं पुन्हा ब्रिटनमध्ये पहिलं. वर्षाच्या आत तीन वेगळी गाणी, नाव एकच! सेलिन डिऑनने पुढे गायलं ते जेनिफर रशचं.

आपल्याकडे गाण्याला नाव नसतंच, पहिली ओळ हेच नाव. अभंगांच्या गाथ्याची सूचीही पहिल्या ओळीवरच लावतात. त्यामुळे पूर्ण नावं जुळणं कमी, पण सुरुवातीचे दोन शब्द जुळून गफलत होणं रोजचं. माझा नियम: पहिली ओळ निम्मी लिहायची नाही, पूर्ण लिहायची.

एकाच कलाकाराने सगळ्या अल्बमना एकच नाव दिलं तर?

पीटर गॅब्रिएलने दिलं. पहिले चार अल्बम, सगळे ‘पीटर गॅब्रिएल’. मासिकाच्या मथळ्यासारखं दिसावं अशी त्याची कल्पना. चाहत्यांनी मुखपृष्ठं बघून टोपणनावं पाडली: गाडीवाला, ओरखड्यांचा, वितळलेल्या चेहऱ्याचा. चौथ्याला अमेरिकेतल्या कंपनीने कंटाळून ‘सिक्युरिटी’ असं नाव देऊन टाकलं. वीझर या बँडने तर स्वतःच्या नावाचे इतके अल्बम काढले की लोक ते रंगावरून ओळखतात. निळा, हिरवा, लाल, पांढरा वगैरे.

अ‍ॅपवर माझ्या आवडत्या गायकाच्या पानावर कोणा भलत्याचंच गाणं आलंय. हॅक झालं का?

बहुतेक नाही. गाणं अ‍ॅपपर्यंत वितरकामार्फत पोचतं, आणि सोबत कलाकाराचा ओळख-क्रमांक नसला की यंत्र नुसतं नाव जुळवून ते पहिल्या सापडलेल्या पानावर चिकटवतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा संकेत असतो, पण तो मुद्रण ओळखतो, माणूस ओळखत नाही. तुम्ही श्रोते असाल तर ‘चुकीचा कलाकार’ म्हणून कळवा. तुमचंच गाणं भरकटलं असेल तर थेट वितरकाला लिहा, अ‍ॅपला लिहून दिवस जातात.

मराठी विकिपीडियावर ‘निःसंदिग्धीकरण’ असं लिहिलेलं पान येतं, ते काय?

एका नावाच्या सगळ्या गोष्टींची यादी. शब्द उच्चारायला जड आहे, पण पान फार उपयोगाचं. चित्रपटांच्या माहितीचं संकेतस्थळ आयएमडीबी हेच काम कंसात साल देऊन करतं, आणि एकाच साली दोन असले तर रोमन आकडे लावतं. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या सूचीच्या संकेतस्थळावर एका नावाच्या बँडना कंसात क्रमांक असतात.

आम्ही नवा बँड काढतोय. नाव ठेवण्याआधी काय बघावं?

नाव जितकं साधं, तितकी गर्दी जास्त. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत वर्ग ४१ बघा. करमणुकीच्या सेवा त्यात येतात. गाण्याच्या दोन-तीन अ‍ॅपवर नाव टाकून बघा, स्पेलिंग बदलून पुन्हा बघा. छोटा, अनोळखी कलाकार सापडला तर ‘त्याला कोण ओळखतं’ म्हणून पुढे जाऊ नका. लेडी ए आठवा. आणि पहिल्या कार्यक्रमाची तारीख, जाहिरात, पावती जपून ठेवा. पुढेमागे वाद झाला तर आधी कोण होतं हे त्यावरूनच सिद्ध होतं.

यादीत नाव नेमकं कसं लिहू?

नाव, साल, करणारा, भाषा. नाटक असेल तर संस्थाही. ‘अंदाज, १९७१, रमेश सिप्पी, हिंदी’. बस. काही निर्माते हे काम आपणच करून देतात: असित सेन यांचा ‘खामोशी’ आधीच येऊन गेला होता, म्हणून भन्साळींच्या १९९६च्या चित्रपटाला ‘द म्युझिकल’ ही शेपटी.

देवनागरीत लिहिलं की गोंधळ कमी होतो ना?

काही ठिकाणी होतो. रोमन लिपीत ‘काळ’ आणि ‘काल’ एकसारखेच दिसतात, ‘बळी’ आणि ‘बाली’चंही तेच, आपल्या लिपीत ते आपोआप वेगळे पडतात.

पण आपली लिपी नवे जुळेही जन्माला घालते. महेश भट्ट यांचा १९८२चा ‘अर्थ’, शबाना आझमी आणि स्मिता पाटील यांचा. दीपा मेहतांचा १९९८चा फाळणीवरचा ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. रोमनमध्ये दोन्हींचं स्पेलिंग वेगळं, देवनागरीत अक्षर न् अक्षर तेच. भारतात दुसऱ्याचं नाव ‘१९४७: अर्थ’ करून आलं, म्हणून थोडी सुटका. त्यात सोव्हिएत दिग्दर्शक दोव्हझेंकोचा १९३०चा मूकपट इंग्रजी नावाने लिहिलात तर तिसरा ‘अर्थ’, ब्लॅक सॅबथचं जुनं नाव चौथा, आणि अमेरिकेतला बँड पाचवा. माझ्या संगणकावर हे पाचही एकाच फोल्डरमध्ये एकाखाली एक लागले आहेत, आणि गेल्या आठवड्यात स्मिता पाटीलचा चित्रपट लावायला गेलो तर स्पीकरमधून वीस मिनिटं एकाच सुरात गिटार घुमत राहिली. साल लिहायचं राहिलं होतं.